दुपारी एकट्याने गाडी काढायची आहे? नागपूरच्या आडरस्त्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीनंतर हवा सुटली की चहाच्या ठेल्यावर, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडी सर्व्हिसिंगला टाकताना तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. हे सगळं एका दुपारीत संपणाऱ्या, शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आतल्या आणि दुचाकीवरून एकट्याने करायच्या फेरीबद्दल आहे. लडाखची तयारी करणाऱ्यांच्या कामाचं यात फारसं काही नाही.

दुपारीच कशाला? सगळे तर सकाळी जातात.

सगळे सकाळी जातात हेच पहिलं कारण. रविवारी उजाडताना अमरावती रोड बघा. दहा-दहा गाड्यांचे जत्थे असतात, पुढच्याने वेग वाढवला की मागच्यानेही वाढवायचा, आणि शेवट तर्री पोह्यांवर. त्यात वाईट काही नाही, पण ती सहल झाली. दुपारी दीड ते चार या वेळात आडरस्ता रिकामा होतो. शेतातली माणसं धुऱ्यावरच्या झाडाखाली शिदोरी सोडून बसलेली असतात, ढोरं सावलीला, ट्रॅक्टर उभे, एसटी कधीतरी एखादी. हॉर्नला बोट लावावं लागत नाही.

दुसरं कारण म्हणजे परतीची वेळ. सकाळी निघालेला माणूस ‘अजून थोडं पुढे’ करत करत पांढुर्ण्याला पोचतो आणि भर उन्हात परत येतो. दुपारी निघालेल्याला सूर्य थांबवतो. किती जायचं हे आपण ठरवायचंच नसतं, ते आधीच ठरलेलं असतं. मला हेच सोयीचं वाटतं.

निघायचं किती वाजता?

मावळतीपासून उलटं मोजा. नागपुरात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. ऑक्टोबरच्या अखेरीस पावणेसहाच्या आसपास, मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात साडेसहाच्या जरा आधी, आणि जूनमध्ये सातला. मुंबईच्या मित्राच्या अंदाजावर जाऊ नका; त्याच्याकडे सूर्य आपल्यापेक्षा पंचवीसेक मिनिटं उशिरा मावळतो.

सूर्य टेकायच्या अर्धा तास आधी गाडी रिंग रोडच्या आत हवी. आडरस्त्यावर थांबे धरून ताशी ३० किलोमीटर सरासरी पडते. स्पीडोमीटर पन्नास दाखवत असला तरी सरासरी तीसच. म्हणजे ९० किलोमीटरला तीन तास, आणि त्यावर अर्धा तास पंक्चरसाठी राखीव. डिसेंबरमध्ये दीडला किक मारली तर पाचला आत. अडीचला निघणार असाल तर ९० चे ६० करा, पण वेग वाढवून वेळ भरून काढू नका.

आणखी एक सवय लावून घ्या. हातातला निम्मा वेळ संपला की जिथे असाल तिथून गाडी वळवायची. देऊळ चार किलोमीटरवर राहिलं तरी वळवायची. देऊळ कुठे जात नाही.

कोणत्या दिशेला जावं?

पश्चिमेला. हे फारसं कुणी सांगत नाही, पण दुपारच्या फेरीत यानेच सगळ्यात जास्त फरक पडतो.

जाताना, म्हणजे दीड-दोन वाजता, सूर्य वर असतो आणि डोळ्यांत येत नाही. येताना तो खाली आलेला असतो. तुम्ही काटोल रोडकडून किंवा हिंगण्याकडून शहराकडे येत असाल तर ऊन पाठीवर पडतं आणि समोरचा खड्डा, गिट्टी, कुत्रं सगळं स्वच्छ दिसतं. आता उलट धरा. रामटेक शहराच्या ईशान्येला आहे, म्हणजे येताना तोंड नैऋत्येला. हिवाळ्यात सूर्य नेमका तिकडेच मावळतो. साडेचारनंतर कन्हानच्या पुढे-मागे हेल्मेटची काच पांढरी पडते आणि पुढच्या ट्रकचे ब्रेक लाइटही दिसत नाहीत. रामटेकला जरूर जा, पण सकाळी.

पाठीवरच्या उन्हाचाही एक तोटा आहे. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपलेले असतात, त्याला तुम्ही दिसत नाही. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम सुरूच राहतो. गाडी त्याआधीची असेल तर परतीला दिवा स्वतः लावा. ओव्हरटेक करायला कुणी समोरून बाहेर येत असेल तर त्याने तुम्हाला पाहिलंय असं धरून चालू नका.

एक रस्ता नेमका सांगा. पहिल्यांदाच जातोय.

काटोल नाका, फेटरी, कळमेश्वर, धापेवाडा, अदासा आणि त्याच रस्त्याने परत. साधारण ऐंशी किलोमीटर.

काटोल नाक्यापासून गोरेवाड्यापर्यंत शहर पाठ सोडत नाही. २०२१ मध्ये तिथलं प्राणिसंग्रहालय सुरू झाल्यापासून सुटीच्या दिवशी गाड्या कुठूनही कशाही वळतात. तो तुकडा गुमान पार करा. पुढे जंगलाची किनार लागते आणि हवेचा वास बदलतो. याच पट्ट्यात जुनापाणीची शिळावर्तुळं आहेत. लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांभोवती रचलेले मोठमोठ्या दगडांचे गोल, शेकड्यांनी. इंग्रजी अमलात, १८७९ साली, रिव्हेट-कार्नाक नावाच्या अधिकाऱ्याने त्यांची नोंद छापली. काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. जवळच्या माहूरझरीला त्याच काळातली वर्तुळं आहेत आणि रंगीत दगडांचे मणी घडवण्यासाठी ते गाव पुरातत्त्वाच्या पुस्तकांत प्रसिद्ध आहे. पाटी वगळता तिथे बघायला ‘काहीच नाही’ असं म्हणणारे खूप भेटतात. मला तिथला अर्धा तास गोरेवाड्याच्या तिकिटापेक्षा मोलाचा वाटतो. गाडी मात्र वर्तुळांपासून लांब, रस्त्याकडेला लावा. हे संरक्षित स्मारक आहे.

कळमेश्वरला एमआयडीसी आहे, तिथे थांबण्यासारखं फारसं नाही. गाव ओलांडून धापेवाड्याकडे वळलात की खरी फेरी सुरू होते. कपाशी, तूर, मध्येच संत्र्याच्या बागा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आंबिया बहाराची फळं लगडलेली असतात आणि फांद्यांना बांबूचे टेकू लावलेले दिसतात. जानेवारी-फेब्रुवारीत त्याच झाडांना पुढच्या आंबियाची फुलं येतात. तेव्हा वेग चाळीसवर आणून हेल्मेटची काच वर करा, बाकी काही सांगायची गरज नाही. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण बागवानाला त्याहून जास्त काळजी व्यापाऱ्याच्या भावाची आणि डुकरांची असते. बागेतलं फळ विचारल्याशिवाय तोडू नका. विचारलंत तर बहुतेक वेळा चार हातावर पडतात आणि पैसे घ्यायला नकार मिळतो.

धापेवाड्याला चंद्रभागा नावाचीच नदी आहे आणि तिच्या काठी विठ्ठल. याला विदर्भाची पंढरी म्हणतात. आषाढात इथे पाय ठेवायला जागा नसते, पण हिवाळ्यातल्या मंगळवारी-बुधवारी दुपारी घाटावर शांतता असते. तिथून अदासा जवळच आहे. टेकडीवर गणपती, विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक. चतुर्थीला टाळा. वरून सगळा मुलूख दिसतो, पण पायऱ्या चढण्याआधी घड्याळ बघा.

अदाशाहून सावनेर, पाटणसावंगीवरून कोराडीमार्गे गोल फेरी करता येते आणि नवखे तीच करतात, कारण गेलेल्याच रस्त्याने परत येणं कमीपणाचं वाटतं. त्या बाजूला कोळशाच्या खाणी, दोन मोठी वीज केंद्रं आणि त्यांचे ट्रक आहेत. संध्याकाळी पाचला कोळशाची पूड डोळ्यांत घेत टिप्परच्या मागे अडकायचं असेल तर जा. नाहीतर गेलेल्या रस्त्याने या. उन्हाची बाजू बदललेली असते, जाताना न दिसलेल्या विहिरी, मोटेचे जुने थारोळे, ओळीतली बाभळीची झाडं येताना दिसतात.

ते झालं. दुसरं काही?

हिंगण्याच्या पुढे कान्होलीबाऱ्याकडचा रस्ता लहान, वळणावळणाचा, टेकड्यांमधून जाणारा आणि पश्चिम-नैऋत्येचा. वेळ कमी असेल त्या दिवशी हाच. हिंगणा एमआयडीसीची शिफ्ट सुटायच्या वेळी मात्र तिथून येऊ नका.

कुहीमार्गे आंभोऱ्याला वैनगंगा आणि कन्हान एकत्र येतात. नदीवरचा तारांनी तोललेला नवा पूल २०२४ मध्ये सुरू झाला, त्यामुळे गर्दी वाढली. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर होतात, म्हणून डिसेंबरच्या दुपारीत बसत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस, पळस फुलल्यावर बसतं.

पारशिवनीच्या बाजूला पेंच नदीच्या काठी नायकुंड आहे. तिथल्या उत्खननात लोखंड गाळायची जुनी भट्टी सापडली होती. पुढे नवेगाव खैरीचं धरण. उत्तर दिशा असल्यामुळे ऊन येताना उजव्या गालावर येतं, डोळ्यांत थेट येत नाही. मौदा-नगरधन-रामटेक हा रस्ता सुंदर आहे, नगरधनचा किल्ला वाकाटकांच्या जुन्या राजधानीच्या परिसरात उभा आहे, पण दिशेबद्दल वर लिहिलंच आहे.

समृद्धी महामार्गाने थोडं पटकन जाता येईल का?

नाही. दुचाकीला तिथे बंदी आहे. आपण तिच्या खालच्या बोगद्यातून जातो, तेवढाच संबंध.

एप्रिल-मेमध्ये?

एप्रिलच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत दुपारी जाऊ नका. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. तो टोकाचा दिवस, पण ४३-४४ तर दरवर्षीचंच. ‘गाडी चालली की हवा लागते’ हा युक्तिवाद साधारण ३५ अंशांपर्यंत खरा. हवा कातडीपेक्षा गरम झाली की ती लागणारी हवा शरीर थंड करत नाही, तापवते. जितका वेग जास्त, तितकी भाजणी. म्हणून लूच्या दिवसांत अर्ध्या बाह्यांचा टीशर्ट घालणारा मोकळा वाटतो पण आधी तोच आडवा होतो. अंग झाकलेलंच हवं.

मार्चमध्ये किंवा एप्रिलच्या सुरुवातीला निघायचंच असेल तर साडेतीननंतर निघा आणि आतला सुती शर्ट पाण्यात पिळून घाला, वरून जॅकेट. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे पाणी झपाट्याने उडतं आणि अंग थंड ठेवतं. कूलरची ताटी करते तेच. अर्ध्या तासात शर्ट वाळतो, मग पुन्हा भिजवायचा. नाकातोंडाला सुती दुपट्टा. खिशात कांदा ठेवायचा तर ठेवा, आजीला बरं वाटेल, पण सोबत दोन लिटर पाणी आणि मीठ-साखर असू द्या. डोकं ठणकू लागलं, मळमळलं, घाम थांबला किंवा बोलणं अडखळू लागलं तर गाडी सावलीत लावायची, डोकं-मान ओली करायची आणि जवळच्या माणसाला हाक मारायची. अशा वेळी ‘फक्त दहा किलोमीटर राहिले’ हा हिशेब करायचा नसतो.

नवतपा लागला, म्हणजे २५ मेपासूनचे दिवस, की गाडी घरीच बरी.

पावसाळ्यात?

जुलै-ऑगस्टमध्ये मुलूख सगळ्यात देखणा असतो. सागाला पांढरट तुरे येतात, नाले भरतात, कळमेश्वर-काटोलकडचं माळरान हिरवं होतं. अडचण काळ्या मातीची. शेतातून निघालेला ट्रॅक्टर डांबरावर मातीचे थर टाकत जातो आणि वर भुरभुर पाऊस पडला की डांबर दिसतं पण पकड राहत नाही. असा पट्टा दिसला की आधीच वेग कमी करा, त्यावर असताना पुढचा ब्रेक नको, गाडी सरळ ठेवा. पांदण रस्त्यावर तर शिरूच नका. काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये ठासून बसते, चाक फिरायचं थांबतं, मग काडीने कोरत बसा. मुरमाचा रस्ता पावसात चालतो, काळ्या मातीचा चालत नाही.

रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत असेल आणि खालचा काँक्रीट दिसत नसेल तर परत फिरा. गावातले लोक पलीकडे जाताना दिसतील. त्यांना रपट्याचा काठ कुठे तुटलाय ते माहीत आहे, तुम्हाला नाही.

पोळ्याच्या दिवशी दुपारनंतर गावोगाव रस्त्यावरच तोरण बांधलेलं असतं आणि सजवलेले बैल उभे असतात. गाडी बंद करून ढकलत न्या, हॉर्न अजिबात नको. खरं तर त्या दिवशी मुद्दाम जावं आणि एका गावात थांबून बघावं. दुसऱ्या दिवशी मात्र नागपुरातच मारबत असते, तेव्हा महाल-इतवारीतून बाहेर पडायचं मनातही आणू नका.

जेवून निघावं की उपाशी?

अर्धपोटी. दोन ते चार या वेळात जेवण न करताही डोळे जड होतात, शरीराची ती लयच आहे. त्यावर सावजीचा रस्सा आणि भात गेला तर सरळ रस्त्यावर झापड येते. एकट्याच्या फेरीत मागे बसून गप्पा मारणारं कुणी नसतं, हे लक्षात ठेवा. ज्वारीची भाकर, झुणका, ताक एवढ्यावर निघा. सावजी रात्री, परत आल्यावर. झापड आलीच तर देवळाच्या ओट्यावर वीस मिनिटं आडवं व्हा. गावात याचं कुणाला नवल वाटत नाही.

कोणती गाडी लागते?

आहे ती. शंभर-सव्वाशे सीसीची गाडी या रस्त्यांना पुरते आणि कोणत्याही खेड्यातला मिस्त्री ती डोळे झाकून खोलतो. मोठी गाडी असेल तर उत्तम, पण तिचा क्लच वायर तुटला तर सावनेरमध्ये मिळेलच असं नाही, सुटा वायर सोबत ठेवा.

निघण्याआधी बघायचं ते थोडंच. टायरची हवा गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे (पंपावरचा पोरगा डोळ्याने बघून भरतो, आकडा तुम्ही सांगा), चेनची ढील आणि तेल, दोन्ही ब्रेक, मागचा दिवा. पेट्रोल शहरातच भरा. आत गावात बाटलीत मिळतं, पण त्यात काय काय असतं ते विचारू नये.

कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये चालतात. हेल्मेट आयएसआयचं, पट्टा लावलेलं. बूट घोटा झाकणारे. चप्पल घालून जाणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

पंक्चर झालं तर?

ट्यूबलेस टायर असेल तर काटा उपसू नका, हवा भरत भरत गाव गाठा. किंवा पट्टी घालायचा छोटा सेट आणि हातपंप ठेवा, घरी एकदा सराव करून. ट्यूबचं टायर असेल तर चाक काढावंच लागतं, म्हणजे मिस्त्री हवाच. आपल्याकडे निम्मी पंक्चरं बाभळीच्या काट्यांची. शेताला काट्यांचं कुंपण घालतात, त्यातली फांदी बंडीबरोबर घसटत रस्त्यावर येते. फोटोसाठी गाडी धुऱ्यालगत उतरवायची सवय असेल तर पंक्चरचं सामान घेतल्याशिवाय निघू नका.

जनावरांची किती भीती?

वाघाबद्दल सगळे विचारतात, रोह्याबद्दल, म्हणजे नीलगायीबद्दल, कुणी नाही. दोनशे किलोचा रोही शेतातून उडी मारून थेट डांबरावर येतो. एक गेला म्हणजे रस्ता मोकळा झाला असं नाही, मागे कळप असतो. एक दिसला की थांबायचं आणि बाकीच्यांची वाट बघायची. रानडुकरं अंधार पडताना निघतात, म्हणूनही मावळतीआधी आत यायचं. बोर, पेंच, कऱ्हांडला या बाजूंना जंगलातून जाणारे रस्ते आहेत. तिथे थांबून फोटो नकोत, पायी आत शिरणं तर नकोच.

साडेचार-पाचला गायकी ढोरं घेऊन गावाकडे वळतो. तेव्हा इंजिन जवळजवळ बंद करून मधून जाऊ द्या त्यांना. कुत्रं मागे लागलं तर लाथ उगारू नका. आधी वेग कमी करा, त्याचा अंदाज चुकतो, मग निघून जा.

शेताच्या तारेला हात लावू नका. डुकरांसाठी झटका मशीन लावलेली असते, आणि काही ठिकाणी लोक सरळ खांबावरून करंट सोडतात. त्याने माणसं मेलेली आहेत. गवतात लघवीला जाताना आधी पाय आपटा, घोणस हलत नाही आणि दिसतही नाही.

रस्त्यावर धान्य पसरलेलं असतं, त्यावरून जायचं का?

ऑक्टोबरमध्ये सोयाबीन, नंतर तूर. शेतकरी खळ्याऐवजी डांबर वापरतो, कारण ते गरम आणि साफ असतं. ट्रॅक्टर गेला तर त्याची मळणी होते, दुचाकी गेली तर तिचा चालक पडतो. सोयाबीनचे दाणे म्हणजे छर्रेच. बाजूने जा, बाजू नसेल तर पहिल्या गिअरमध्ये, पाय खाली सोडून, ब्रेकला हात न लावता. चिडचिड करू नका. त्या वर्षी त्याला खळं का परवडत नाही हा वेगळा विषय आहे.

गुगल मॅप पुरतो का?

निघताना नकाशा डाउनलोड करा, कारण जंगलाच्या पट्ट्यांत रेंज जाते. आणि त्याने ‘दोन किलोमीटर वाचतील’ म्हटलं की समजा, तो पांदण रस्ता दाखवतोय. त्यापेक्षा कडेच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा बघा. पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य मार्ग, काळा असेल तर जिल्हा मार्ग आणि नारिंगी म्हणजे ग्रामीण रस्ता. आपल्याला नारिंगी माथ्याचे दगड हवेत. दगड नसेल तर माणसाला विचारा, पण ‘हा रस्ता अदाशाला जातो का?’ असं नाही. उत्तर ‘जाते ना’ असंच येतं, कारण जातो, चिखलातून जातो. ‘यावरून एसटी जाते का?’ असं विचारा.

गावात लोक फार चौकशी करतात. काय सांगायचं?

खरं सांगायचं.

“कोणाकडे आले, भाऊ?”
“कोणाकडेच नाही, काका. असंच फिरत.”
“एकटेच? उन्हातान्हाचे कायले फिरून रायले?”

एवढ्यात बाजेवर जागा होते. त्यांना संशय नसतो, नवल असतं. पेट्रोल जाळून, काही काम नसताना, एकट्याने? मला हा प्रश्न रास्तच वाटतो आणि त्याचं सरळ उत्तर मला अजून देता आलेलं नाही. चहा घ्या, पिकाचं विचारा, पाच मिनिटं बसा. दोघांच्या फेरीत हे होत नाही. दोघं आपापसात बोलतात, गाव बाजूलाच राहतं.

मी मुलगी आहे. एकटीने जाऊ का?

रस्ता तोच, वेळ तीच. हेल्मेट-जॅकेटमध्ये निम्म्या लोकांना कळतही नाही. थांबा मात्र निवडून: देऊळ, एसटी थांबा, बाया बसलेलं दुकान. निर्जन तलावाच्या पाळीवर नको, झिलपीसारख्या ठिकाणी आठवड्याच्या मधल्या दुपारीही पिणाऱ्यांच्या टोळ्या बसलेल्या असतात. कुणी विचारलं तर ‘घरचे मागून गाडीने येत आहेत’ हे उत्तर खोटं असलं तरी चालतं. स्वच्छतागृहासाठी महामार्गावरचा मोठा पेट्रोल पंप आधीच हेरून ठेवा, आडरस्त्यावर तेवढीच एक खरी अडचण असते. मदतीला ११२.

घरी काय सांगून जायचं?

रस्ता आणि परतीची वेळ. ‘कळमेश्वरकडे, पाचपर्यंत’ एवढं पुरे. लोकेशन शेअर करून ठेवा, पण रेंज गेली की ते जुनंच दाखवत राहतं हेही घरी सांगा, नाहीतर पुलावर अर्धा तास ठिपका थांबलेला बघून आई रडायला लागते.

पडलो तर?

आधी रस्त्याच्या कडेला सरका, मग गाडीचं बघा. इंजिन बंद. १०८ ला फोन करताना मागच्या गावाचं नाव आणि किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा, ‘झाडाजवळ’ म्हणून गाडी सापडत नाही. मानेला दुखत असेल तर हेल्मेट कुणालाही ओढू देऊ नका. रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेला कागद फोनच्या कव्हरमध्ये, कारण फोनला लॉक असतं. तालुक्याच्या गावी सरकारी रुग्णालय असतं. मार डोक्याला असेल तर शेवटी नागपूरचं मेडिकलच, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय.

कानात गाणी?

नको. मागून येणारा टिप्पर ऐकूच यायला हवा.

कोणता वार बरा?

रविवार सोडून कुठलाही. रविवारी अदाशाला गाड्या लावायला जागा नसते, आणि संध्याकाळी पार्ट्या आटोपून परतणारे असतात. मधल्या वारी शाळा सुटायची वेळ तेवढी सांभाळा. पोरं सायकली तिघं-तिघं करून रस्ताभर चालवतात आणि तो रस्ता त्यांचाच आहे.

सगळं करूनही उशीर झालाच तर?

आडरस्ता ताबडतोब सोडायचा. जवळचा मोठा रस्ता गाठा, मग तो लांबचा असला तरी चालेल: कळमेश्वरच्या बाजूला असाल तर काटोल रोड, सावनेरच्या बाजूला असाल तर छिंदवाडा महामार्ग, कुहीकडे असाल तर उमरेड रोड. हेल्मेटची काच पुसा, काळी काच असेल तर वर करा. बिनदिव्याच्या बंड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या डाव्या कडेला असतात, म्हणून डाव्या काठाला चिकटून चालवू नका. एखाद्या कारच्या मागे, अंतर ठेवून लागा आणि तिच्या दिव्यांच्या उजेडात या. घरी फोन करून नवी वेळ कळवा, आणि ती पंधरा मिनिटं वाढवूनच सांगा.